सुप्त उष्णता : नागपुरातील उपयोगाचा इतिहास

सुप्त उष्णता : पदार्थाची अवस्था बदलत असताना, तापमान न बदलता, जी उष्णता शोषली जाते किंवा बाहेर टाकली जाते तिला ‘सुप्त उष्णता’ म्हणतात. एक किग्रॅ. बर्फ ०° से. तापमानास वितळण्यास ३३४ किलोजूल, तर एक किग्रॅ. पाण्याची १००° से. तापमानास वाफ होण्यास २,२५७ किलोजूल उष्णता लागते. ही उष्णता रेणूंची गती वाढविण्यात खर्च होत नाही, त्यांना एकमेकांपासून दूर करण्यात खर्च होते. म्हणून तापमापकावर तिची नोंद होत नाही. वाफ होताना लागणाऱ्या ऊर्जेपैकी थोडा भाग (सु. साडेसात टक्के) वाफेने प्रसरण पावताना वातावरणाला मागे सारण्यात खर्च होतो. वाफेचे पुन्हा पाणी झाले म्हणजे ही सर्व उष्णता परत मिळते. पाण्याची वाफ होण्यास ते उकळलेच पाहिजे असे नाही. कोणत्याही तापमानास पृष्ठभागावरून बाष्पीभवन चालू असते व तेव्हा लागणारी उष्णता पाणी आपल्या सभोवारच्या वस्तूंतून व हवेतून घेते. नागपूरच्या उन्हाळ्याचा व या तत्त्वाचा संबंध इतका निकटचा आहे, की त्याच्या उपयोगाचा इतिहास त्या शहराच्या आधाराने सांगता येतो.

शोध : ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक (१७२८–९९) यांच्यापूर्वी असा समज होता, की बर्फ वितळबिंदूपर्यंत तापले म्हणजे आणखी अल्पशा उष्णतेने ते सर्व वितळते. ब्लॅक यांनी या समजावर एक साधा आक्षेप घेतला. तसे असते तर वसंत ऋतूतील पहिल्या उबदार दिवशीच डोंगरावरचे सगळे हिम एकदम वितळून भयंकर पूर आले असते. १७६१ च्या सुमारास त्यांनी दोन सारखी काचपात्रे घेतली. एकात गोठणबिंदूच्या जवळपास थंड केलेले पाणी व दुसऱ्यात तितक्याच वजनाचे बर्फ ठेवून दोन्ही पात्रे ४७° फॅ. तापमानाच्या खोलीत टांगली. पाण्याचे तापमान ३३° वरून ४०° फॅ. पर्यंत चढण्यास अर्धा तास लागला. बर्फाचे पाणी होऊन त्याला तेच तापमान येण्यास साडेदहा तास, म्हणजे एकवीस पट वेळ लागला. खोलीतून दोन्ही पात्रांना सारख्याच दराने उष्णता मिळत होती असे धरून, नुसत्या वितळण्यात खर्च झालेल्या उष्णतेने तेवढे पाणी सु. १४०° फॅ. नी तापले असते, असा हिशेब त्यांनी केला. आजचे मूल्य १४४° फॅ. च्या जवळ आहे. घड्याळ, तापमापक व दोन पात्रे एवढ्याच साधनांनी मिळालेले हे उत्तर आजही विस्मयकारक वाटते. पाणी उकळून आटण्यास लागणाऱ्या वेळावरून बाष्पीभवनाच्या सुप्त उष्णतेचाही अंदाज त्यांनी केला. तो मात्र प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आला. ब्लॅक यांनी हे संशोधन स्वतः प्रसिद्ध केले नाही. त्यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये छापली गेली.

थोड्याशा वाफेने कितीतरी पट वजनाचे थंड पाणी उकळबिंदूपर्यंत कसे तापते, या जेम्स वॉट यांना पडलेल्या कोड्याचा उलगडा ब्लॅक यांच्या सिद्धांताने झाला. वॉट यांनी १७६९ मध्ये एकस्व घेतलेला स्वतंत्र संघनक हा वाफेतील उष्णतेच्या याच हिशेबाशी निगडित आहे. वितळण्याच्या मंदपणाचा पुरावा भारतालाही लवकरच मिळाला. १८३३ मध्ये बॉस्टनहून कलकत्त्यास आलेल्या ‘टस्कनी’ जहाजात सु. १८० टन नैसर्गिक बर्फ भरले होते. चार महिन्यांच्या प्रवासात दोनदा विषुववृत्त ओलांडूनही त्यातील सु. १०० टन शिल्लक राहिले. पुढच्या वर्षी अमेरिकन बर्फ मुंबईतही आले.

वाळा व माठ : नागपूर समुद्रसपाटीपासून सु. ३१० मी. उंचीवर असल्यामुळे तेथे पाणी १००° ला नव्हे, तर सु. ९९° से. ला उकळते. हा फरक किरकोळ आहे. महत्त्वाचा आहे तो उन्हाळ्यातील हवेचा कोरडेपणा. मे महिन्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते (२३ मे २०१३ रोजी ४७.९° से. ची नोंद झाली). अशा दुपारी सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळल्यास पारा सु. २३° से. पर्यंत उतरतो. यास ‘ओल्या फुग्याचे तापमान’ म्हणतात व निव्वळ बाष्पीभवनाने हवा थंड होण्याची ती सीमा असते. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातील हवेत बावीस अंशांचा थंडावा दडलेला असतो. तो बाहेर काढण्यास फक्त पाणी हवे.

हे गणित कोणी मांडण्यापूर्वीपासून व्यवहारात होते. बिनचकाकीच्या मातीच्या माठातून व सुरईतून पाणी पाझरते, बाहेरच्या अंगास वाळते व आतील पाण्याची उष्णता नेते. माठ जुना होऊन त्याची छिद्रे क्षारांनी बुजली म्हणजे तो पाणी थंड करीत नाही, हे घरोघरी ठाऊक असते. दारा-खिडक्यांवर वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडत राहण्याची रीतही जुनी आहे. मात्र ताटी सतत भिजत ठेवणे हे माणसाचे काम होते आणि ते माणूस ताटीच्या बाहेर, उन्हात उभे राहून करीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज अधिकाऱ्यांच्या घरी ‘थर्मँटिडोट’ नावाचे यंत्र आले. ओल्या ताट्या बसविलेल्या पेटीत हाताने फिरवावयाचा पंखा, अशी त्याची रचना असे. आजच्या कूलरचा तो पूर्वज होय. पंखा फिरविण्यास विजेऐवजी मजूर होता एवढाच भेद.

एम्प्रेस मिल : १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे पोचली. कापसाचा प्रदेश व वरोऱ्याचा कोळसा ही दोन्ही जवळ असल्यामुळे जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी मुंबईऐवजी नागपूर निवडले. त्यांनी १८७४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीस भारताची सम्राज्ञी घोषित केले त्या दिवशी, गिरणी सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे पूर्वी रेल्वेत होते. या एकाच आवारात सुप्त उष्णतेचे दोन उलट व्यवहार चालत. बाष्पित्रात कोळशाची उष्णता पाण्यात भरून वाफेच्या एंजिनाने चात्या फिरविल्या जात, तर गिरणीच्या खात्यांत पाणी फवारून हवेतील उष्णता काढून घेतली जाई.

कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होऊन सूत वारंवार तुटते. लँकाशरची दमट हवा सूतकताईस मानवते ती यामुळेच. नागपूरच्या हवेत तो दमटपणा कृत्रिम रीतीने आणावा लागला व एम्प्रेस मिलमध्ये आर्द्रताकारक यंत्रे बसविण्यात आली. येथे एक सूक्ष्म पण कामगारांच्या दृष्टीने फार मोठा भेद लक्षात घेतला पाहिजे. थंड पाण्याचा फवारा हवेत मिसळला, तर त्याच्या बाष्पीभवनास लागणारी उष्णता हवेतूनच जाते आणि खाते दमट होते तसेच थोडे थंडही होते. पण बाष्पित्रातील वाफच खात्यात सोडली, तर तिच्यात सुप्त उष्णता आधीच भरलेली असते. अशा वेळी दमटपणा वाढतो, थंडावा मात्र मुळीच मिळत नाही. आणि घाम न वाळल्यामुळे माणूस अधिकच उकडून निघतो. सुताला दोन्ही रीती सारख्याच. हा प्रश्न इंग्लंडमधील विणकरांनी लावून धरल्यामुळे तेथे १८८९ च्या कायद्याने विणकाम-खात्यांतील आर्द्रतेवर मर्यादा घातल्या. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमात कृत्रिम आर्द्रीकरणासंबंधी स्वतंत्र कलम (१५) होते. त्यात आर्द्रतेच्या मोजणीची व फवाऱ्यासाठी शुद्ध पाणी वापरण्याची तरतूद होती. ओल्या फुग्याचा तापमापक अशा रीतीने वेधशाळेतून गिरणीत आला. एम्प्रेस मिल एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडली.

कोराडी : नागपूरच्या उत्तरेस कोराडी येथील औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. येथे २०१५ नंतर उभारलेले प्रत्येकी ६६० मेवॉ. चे तीन संच ‘अतिक्रांतिक’ दाबावर चालतात. पाण्यावरील दाब वाढवीत नेल्यास बाष्पीभवनाची सुप्त उष्णता कमी कमी होत जाते व सु. २२१ बार दाब आणि ३७४° से. तापमान या क्रांतिक बिंदूस ती शून्य होते. त्यापलीकडे पाणी व वाफ असा भेदच उरत नाही. त्यामुळे या बाष्पित्रांत पाणी ‘उकळत’ नाही. तथापि टरबाइनातून बाहेर पडणारी वाफ संघनकात अगदी कमी दाबाखाली असते. तेथे ती आपली सुप्त उष्णता पुरेपूर परत देते आणि ही उष्णता वाहून नेण्यासाठी शीतन मनोऱ्यांत दुसरे पाणी बाष्परूपाने उडवावे लागते. बाष्पित्रात टाळलेला उंबरठा संघनकात टळत नाही. हे पाणी केवळ धरणातून घ्यावे लागू नये म्हणून नागपूर शहरातील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीस पुरविण्याची व्यवस्था करण्यात आली. वऱ्हाड-नागपूर भागातील पाण्याची ओढ पाहता ती अधिक आधीच व्हावयास हवी होती.

कूलर : पत्र्याची पेटी, तीन बाजूंस वाळ्याच्या किंवा लाकडाच्या धाग्यांच्या ताट्या, तळाशी पाणी, ते वर चढविणारा पंप व हवा ओढणारा पंखा, एवढेच या यंत्राचे घटक आहेत. ताशी २,००० घ. मी. हवा ४५° वरून २८° से. पर्यंत थंड करावयाची असल्यास सु. ३६,५०० किलोजूल उष्णता काढावी लागते व त्यासाठी ताशी सु. १५ लिटर पाणी उडते. हे सु. १० किलोवॉट शीतनाच्या बरोबरीचे काम होय. पंखा व पंप यांना मात्र मिळून सु. २०० वॉट वीज पुरते. किंमत विजेत कमी पडते ती पाण्यात द्यावी लागते. दहा तास चाललेला कूलर १५० लिटर पाणी पितो. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत एका माणसासाठी दररोज १३५ लिटर धरले जातात. म्हणजे प्रत्येक कूलर हा उन्हाळ्यापुरता घरातील एक वाढीव माणूसच असतो आणि पेंच व कन्हान यांवरील ताण मे महिन्यात का वाढतो, याचे एक कारण यात सापडते. ज्या वस्तीत नळ तास-दोन तासच येतो, तेथे पिण्यास की कूलरला हा प्रश्न उरतो. पत्र्याच्या पेटीत पाणी व वीज एकत्र असल्याने भूजोडणी नसलेला कूलर प्राणघातक ठरू शकतो. न बदललेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, तो वेगळाच.

मानवी शरीरही घामाच्या बाष्पीभवनानेच थंड राहते. ओल्या फुग्याचे तापमान ३५° से. झाल्यास सावलीत स्वस्थ बसलेल्या माणसासही शरीराची उष्णता बाहेर टाकता येत नाही, असे २०१० मधील एका अभ्यासात दाखविण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निरोगी तरुणांचीही मर्यादा दमट हवेत ३१° से. च्या आसपास आढळली. म्हणून नागपुरात मे महिन्याइतकाच जूनचा पूर्वार्धही जपण्याचा असतो. मृग लागल्यावर तापमान ३६° से. वर उतरते, परंतु आर्द्रता ६० टक्क्यांपर्यंत चढली म्हणजे ओल्या फुग्याचे तापमान २९° से. असते. मे महिन्यात बावीस अंशांचा असलेला वाव सात अंशांवर येतो. कूलरमधून येणारी हवा तेव्हा जवळजवळ संपृक्त असते. ती अंगावर आली तरी घाम वाळत नाही. त्या दिवसांत नागपूरकर पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवतात.