शनिवार तेली यांचा पोथीवांचून चाललेला धर्माचार

ग्रंथ हाताशीं नसतां धर्मशास्त्र किती काळ व कोणत्या रूपानें टिकतें? आमच्याकडे श्रुति मुखोद्गत राहिली, त्यामुळें पोथी जळाली तरी पाठ उरला. परंतु ज्या समाजापाशीं पोथीहि नाहीं आणि पाठकहि नाहीं, त्याच्या धर्माचें काय होतें, या प्रश्नाचें उत्तर कोंकणांतील बेने इस्राएल लोकांच्या आचारांत सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यास गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी या लोकांची परंपरा आहे. ते रोहें, पेण, चौल, किहीम, दिवें या गांवांत पसरले, गांवावरून रोहेकर, पेणकर, चौलकर, किहीमकर, दिवेकर झाले, मराठी बोलूं लागले व तेलाचे घाणे चालवूं लागले. गलबत बुडतांना धर्मग्रंथहि बुडाले, असें ते सांगतात. ही कथा शब्दशः खरी मानण्याचें कारण नाहीं. परंतु अठराव्या शतकापूर्वीं त्यांच्यांत हिब्रू विद्या जवळजवळ नव्हती, एवढें निश्चित.

शेजाऱ्यांनीं त्यांस नांव दिलें तें 'शनिवार तेली'. आमच्या घाटावर शिवाचा वार म्हणून सोमवारीं घाणा न जुंपणारे तेली पुष्कळांनीं पाहिले आहेत. कोंकणांतहि त्यांस 'सोमवार तेली' म्हणत. त्यामुळें शनिवारीं घाणा बंद ठेवणारा तेली शेजाऱ्यांस विचित्र वाटला नाहीं. त्याचा वार निराळा, एवढेंच. शाब्बाथाच्या दिवशीं कोणतीं कामें वर्ज्य, याची तल्मूदांत एकोणचाळीस प्रकारांची मोजणी आहे. नवगांवच्या तेल्यास ती ठाऊक नव्हती. शनिवारीं बैल सोडावयाचा, एवढें त्यास ठाऊक होतें आणि तेवढ्यावर त्यानें कित्येक पिढ्या काढल्या.

सणांच्या नांवांकडे पाहावें. वर्षप्रतिपदा तो 'नव्याचा सण', प्रायश्चित्ताचा दिवस तो दारें लावून घरांत बसण्याचा 'दरफाळणीचा सण', आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाचा 'शिळा सण'. मंदिरविध्वंसाच्या शोकदिनास मोड आलेल्या कडधान्याचें बिरडें करीत, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. वल्हांडणास खमीर वर्ज्य. त्या दिवसांत आंबट द्रवाचें भांडें झांकून ठेवीत, म्हणून 'अनाशी ढाकाचा सण'. सणामागील कथा बहुतेक विसरली गेली होती. त्या दिवशीं घरांत काय करावयाचें, तें राहिलें. हनुक्का या सणाचें मात्र नांव आढळत नाहीं. त्यावरून हाईम सॅम्युअल किहीमकर यांनीं आपल्या इतिहासांत (हा इंग्रजी ग्रंथ १८९७ सालीं पुरा होऊन १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापला गेला) असें अनुमान काढलें कीं, त्या सणाच्या उत्पत्तीपूर्वींच, म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत, हे लोक स्वदेश सोडून निघाले असावे. हें अनुमान आम्हांस दुबळें वाटतें. ज्या समाजानें एवढें विसरावें, त्यानें आणखी एक सण विसरणें अशक्य नव्हे. अभावावरून काळ ठरवूं नये, हा नियम येथेंहि लागू आहे.

दाविद राहाबी नांवाच्या परकीय पंडिताची कथा प्रसिद्ध आहे. हे खरोखर यहुदी आहेत काय, हें पाहण्याकरितां त्यानें बायकांपुढें मासळीची टोपली ठेवली व रांधावयास सांगितलें. त्यांनीं पर व खवले असलेली मासळी तेवढी वेंचली व बाकीची बाजूस सारली. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायांतील नियम तो हाच. कोळंबी, खेकडे व तिसऱ्या यांनीं भरलेल्या किनाऱ्यावर तो स्त्रियांनीं चुलीपाशीं पाळला. परंपरा या राहाबीस कित्येक शतकें मागें नेते. परंतु कोचीनचा एझकेल राहाबी (१६९४–१७७१) हा ऐतिहासिक पुरुष असून त्यानें १७६८ च्या पत्रांत या लोकांचा उल्लेख केला आहे. कथेंतील गुरु त्याच्याच घराण्यांतील, किंवा त्या घराण्याचें नांव जुन्या आठवणीस चिकटलें, असें आमचें मत आहे. परीक्षा पंडितानें घेतली व उत्तीर्ण स्वयंपाकघर झालें, हा कथेचा भाग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो.

मांस व दूध एकत्र न शिजविण्याचा नियम त्यांनीं नारळावर निभावून नेला. मांसाच्या कालवणास व सणाच्या हलव्यास नारळाचा रस. मग गाईच्या दुधाचा प्रश्नच उद्भवत नाहीं. द्राक्षारसावांचून शाब्बाथाचा आशीर्वाद कसा म्हणावा? काळ्या मनुका भिजवून, चुरून त्यांचें सरबत करावें. तल्मूदांतहि मनुकांच्या रसास मान्यता आहे.

पुढें पंडित आले व पुस्तकेंहि आलीं. टिपूच्या कैदेंतून सुटलेल्या सॅम्युअल एझकेल दिवेकर यानें १७९६ सालीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. जॉन विल्सन याचें हिब्रू व्याकरण १८३२ मध्यें मराठींत निघालें. १८७४ सालीं पुण्यास वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली व तिच्या चित्रांत लुगडीं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करितांना दाखविल्या. याच काळांत घाणा सुटला. पलटणींत सुभेदार झालेल्यास शनिवारची कवाईत चुकवितां येईना. कारकुनास कचेरी चुकेना. पोथी हातीं आली आणि वार हातचा गेला.

खरा कसोटीचा प्रसंग पुढें इस्राएल राष्ट्रांत आला. तेथें गेलेल्या बेने इस्राएलांचे विवाह लावण्यास कांहीं धर्माधिकारी कचरूं लागले. शंका अशी कीं, पूर्वीं शास्त्रोक्त सोडचिठ्ठीवांचून कोणी स्त्रीनें पुनर्विवाह केला असेल, तर तिची संतति दूषित ठरते. निपुत्रिक मृताच्या विधवेस दिरानें वरावें किंवा विधिपूर्वक मुक्त करावें, हा नियमहि पाळला गेला काय, अशी दुसरी पृच्छा. आमच्या वाचकांस येथें नियोग आठवेल. मात्र नियोगांत विवाह नाहीं, आणि मनूनें तो नवव्या अध्यायांत सांगून लगेच निंदिला आहे. १९६२ च्या आज्ञापत्रानें यांच्या पूर्वजांची चौकशी विहित केली, निदर्शनें झालीं, १९६४ च्या ऑगस्टांत तेथील लोकसभेनें हे सर्वथा यहुदीच आहेत असा ठराव केला व पुढें आज्ञापत्रांतून त्यांचें नांव गळालें.

या शंकेंत शास्त्र होतें, पण इतिहास नव्हता. कोंकणांतल्या शेजारधर्मानें या लोकांत काडीमोड व विधवाविवाह दोन्हीं विरळ होते. जेथें सोडचिठ्ठीच क्वचित्, तेथें सदोष सोडचिठ्ठी कोठून येणार? जो हिंदु संसर्ग त्यांच्या शुद्धतेविरुद्ध पुरावा म्हणून पुढें केला गेला, त्यानेंच दोषाचा संभव बहुतांशीं टाळला होता. मनूनें सदाचारास श्रुतिस्मृतींच्या पंक्तीस बसविलें, तें आम्हांस या प्रकरणांत आठवल्यावांचून राहिलें नाहीं.

आज या समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत आहेत. महाराष्ट्र शासनानें २०१६ सालीं यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. अलिबागेच्या इस्राएल आळींत प्रार्थनामंदिर उभें आहे. परंतु सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात आणि कोंकणच्या गांवीं ते जमविणें हीच आतां अडचण आहे. घाण्यांवरील कराच्या जुन्या कागदांत 'शनवार तेली' असा शब्द कोणा वाचकास आढळल्यास त्यानें तो कागद या त्रैमासिकाकडे नक्कल करून पाठवावा. अठराव्या शतकापूर्वींचा एकहि असा उल्लेख मिळाला, तर राहाबीचा काळ ठरविण्यास त्याचा मोठा उपयोग होईल.