कोरेगावचा जयस्तंभ
पुणे जिल्ह्यातील एक ऐतिहासिक स्मारक. पुणे शहराच्या ईशान्येस सु. ३० किमी. वर, पुणे–अहिल्यानगर रस्त्यालगत पेरणे गावाच्या हद्दीत ते आहे. पुण्यातील इंग्रज फौजेच्या मदतीसाठी शिरूरहून निघालेल्या कॅप्टन स्टाँटनच्या सु. ८०० सैनिकांची १ जानेवारी १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या मोठ्या सेनेशी गाठ पडली. मातीच्या तटाने वेढलेल्या कोरेगावाचा आश्रय घेऊन त्यांनी दोन तोफांनिशी ते दिवसभर लढविले. पेशव्यांचे अरब पायदळ गावात शिरले व गल्लीबोळांत निकराची झुंज झाली. रात्री पेशव्यांच्या फौजा हटल्या. कंपनीचे सु. २७५ लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. लढाई निर्णायक नव्हती; तथापि कंपनी सरकारने तिला विजय मानून १८२१ मध्ये या स्तंभाची पायाभरणी केली.

स्तंभावर कोरलेल्या कंपनीच्या ४९ सैनिकांच्या नावांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययावरून महार सैनिकांची असल्याचे ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली. पुढे १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्तंभास भेट दिली. साम्राज्याच्या विजयाची ही खूण त्यानंतर दलितांच्या स्वाभिमानाचे प्रतीक बनली. २०१८ मध्ये द्विशताब्दीच्या दिवशी परिसरात हिंसाचार होऊन एकाचा मृत्यू झाला. दरवर्षी १ जानेवारीस लाखो लोक येथे अभिवादनासाठी येतात.