बंड कोणते, कत्तल कोणती? : इराकमधील हिंसेची नावे

परकीय फौजा एखाद्या देशात ठाण मांडून बसतात, तेव्हा तेथे सांडणाऱ्या रक्ताला कोणते नाव द्यावे हा प्रश्न केवळ कोशकारांचा राहत नाही. आपल्या भाषेला याचा जुना अनुभव आहे. वरसईच्या गोडसे भटजींच्या ज्या प्रवासवृत्ताला चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रकाशात आणले, त्यात १८५७च्या घटना ‘बंड’ म्हणून येतात. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या सावरकरांच्या ग्रंथात त्याच घटना ‘स्वातंत्र्यसमर’ होतात. घटना त्याच, मृतही तेच. पण शब्द बदलताच न्याय-अन्यायाचे पारडे फिरते. इराकमध्ये २००३ ते २००८ या काळात जे घडले त्याच्या नामकरणाचा पेच याहून बिकट होता. तेथे परकीय सत्तेविरुद्धचा सशस्त्र प्रतिकार आणि शेजाऱ्याच्या पंथाविरुद्धची हिंसा एकाच शहरात, एकाच आठवड्यात, कधी कधी एकाच हातून घडत होती.

या दोहोंत फरक करता येतो का, आणि करायचा तर कशाच्या आधारे? हा प्रश्न आज शिळा झाला आहे असे कोणी समजू नये. त्याचे उत्तर चुकले की इतिहासलेखन चुकते, आणि त्याहून वाईट म्हणजे काही मृतांचा हिशेबच लागत नाही.

प्रथम घटनाक्रम पाहू. २० मार्च २००३ रोजी आक्रमण सुरू झाले आणि ९ एप्रिलला बगदाद पडले. २८ एप्रिलला फलुजा येथे अमेरिकन सैनिकांनी मुक्काम केलेल्या एका शाळेसमोर निदर्शक जमले. सैनिकांच्या गोळीबारात त्यांतले अनेक जण ठार झाले. मे महिन्यात अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन आदेश काढले. पहिल्याने बाथ पक्षाच्या वरच्या थरांतील सभासदांना सरकारी नोकरीतून दूर केले. दुसऱ्याने इराकी सैन्यच बरखास्त केले. लाखो शस्त्रशिक्षित माणसे एका सहीनिशी बेकार आणि अपमानित झाली. जुलैमध्ये जनरल जॉन अबिझैद यांनी आपल्यासमोर गनिमी युद्ध उभे आहे हे उघडपणे मान्य केले. त्याआधी काहीच दिवस संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी तो शब्द नाकारला होता. शब्दावरून सेनापती आणि मंत्री यांच्यातच मतभेद व्हावा, यातच पुढच्या सगळ्या गोंधळाची चाहूल होती.

याच जुलैमध्ये २५ सदस्यांचे शासकीय मंडळ स्थापन झाले. त्यात १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमेन आणि १ असिरियन ख्रिस्ती अशी वाटणी होती. वरवर पाहता ही न्याय्य विभागणी. पण तिच्यातून राज्यव्यवहाराचे एक नवे व्याकरण तयार झाले: माणूस आधी पंथाचा किंवा वंशाचा, मग देशाचा. या वाटपपद्धतीला अरबीत ‘मुहासासा’ म्हणतात. एकच शम्मर किंवा जुबूर टोळी शिया आणि सुन्नी अशा दोन्ही शाखांत पसरलेली, बगदादच्या कितीतरी मोहल्ल्यांत मिश्र विवाह झालेले, अशा समाजाला हे कोष्टक पूर्वी इतक्या उघडपणे कधी भरावे लागले नव्हते. सद्दामच्या राजवटीने शियांवर आणि कुर्दांवर भयंकर अत्याचार केले होते, हे खरेच. १९९१चा उठाव तिने रक्तात बुडवला. पण राजवटीचा जुलूम वेगळा आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला दारातून उठवणे वेगळे.

हा भेद एप्रिल २००४मध्ये स्पष्ट दिसला. अमेरिकन फौजांनी फलुजाला वेढा घातला होता आणि त्याच दिवसांत दक्षिणेत मुक्तदा अल्-सद्रच्या महदी सैन्यानेही बंड पुकारले होते. सुन्नी फलुजासाठी बगदादमधील शियांनी रक्तदान केले. दोन्ही पंथांचे लोक अन्न आणि औषधे घेऊन त्या शहराकडे निघाले. त्यांच्या स्मृतीत १९२० होते. त्या वर्षी शिया आणि सुन्नी टोळ्या ब्रिटिशांविरुद्ध एकत्र उठल्या होत्या. २००३नंतरच्या एका सशस्त्र गटाने आपले नावही त्या क्रांतीवरूनच घेतले. या इतिहासाशी आपलाही एक अवघड धागा जुळलेला आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात उतरलेली सहावी डिव्हिजन पुण्याची होती, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे शरण गेलेल्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. १९२०चे बंड मोडण्यासाठीही हिंदुस्थानातूनच फौजा नेण्यात आल्या. व्याप्त देशात परक्यांची बंदूक कोणाच्या खांद्यावर असते, हे आपण विसरणे बरे नव्हे.

पण २००४च्याच मार्चमध्ये, फलुजाच्या वेढ्यापूर्वी महिनाभर, आशुराच्या दिवशी करबला आणि काझिमिया येथे यात्रेकरूंच्या गर्दीत स्फोट झाले आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. तेथे ना अमेरिकन तळ होता, ना रणगाडा. फेब्रुवारीत अमेरिकेने अबू मुसब अल्-झरकावीच्या नावचे एक पत्र प्रसिद्ध केले होते. त्यातील युक्तिवाद असा: शियांवर हल्ले करावेत, म्हणजे ते सूड घेतील, आणि त्या सूडाने झोपलेले सुन्नी जागे होतील. या योजनेत परकीय सैन्य हा मुख्य शत्रूच नाही. शेजारी हे साध्य आणि साधन दोन्ही आहे.

येथे फरकाची पहिली कसोटी हाती लागते. कृत्याचे प्रयोजन विचारावे: परकीय सैन्य उद्या निघून गेले, तर या कृत्याला काही अर्थ उरतो का? लष्करी ताफ्यावरील हल्ल्याला उरत नाही. यात्रेकरूंवरील हल्ल्याला उरतो. इतिहासाने ही कसोटी पुढे प्रत्यक्षात लावून दाखवली. डिसेंबर २०११मध्ये अमेरिकन सैन्य इराकमधून बाहेर पडले; तरी शिया वस्त्यांतील स्फोट थांबले नाहीत, आणि जून २०१४मध्ये तिक्रितजवळच्या स्पायकर तळावरील शेकडो शिया प्रशिक्षणार्थींची ‘इस्लामिक स्टेट’ने कत्तल केली. ही संघटना झरकावीच्याच परंपरेतली.

मात्र प्रयोजन आणि कारण यांची गल्लत करू नये. परकीय अंमल हे पंथीय हिंसेचे प्रयोजन नसेल. पण सैन्य बरखास्त करून, राज्ययंत्र मोडून आणि सत्तेची पंथवार वाटणी करून त्या हिंसेची जमीन त्यानेच नांगरली. ‘हजार वर्षांचे वैर’ हे स्पष्टीकरण म्हणूनच सोयीचे आहे. ते आक्रमकाला कर्त्याच्या जागेवरून उठवून पंचाच्या खुर्चीत बसवते: आम्ही आहोत म्हणून हे एकमेकांचे गळे घोटत नाहीत! उलट बाजूचा सोयीचा शब्द म्हणजे ‘प्रतिकार’. युद्धविरोधी लेखनात तो पुष्कळदा इतका सैल वापरला गेला की बाजारात भाजी घेणाऱ्यांना उडवणारेही त्याच्या आडोशाला उभे राहिले. गंमत अशी की खुद्द अल्-कायदाच्या नेतृत्वाला हा आडोसा तोकडा वाटत होता. झवाहिरीचे म्हणून २००५मध्ये प्रसिद्ध झालेले पत्र झरकावीला बजावते, की सामान्य शियांवरील हल्ले मुसलमान जनतेला पटणार नाहीत. जो भेद बंडखोरांच्या नेत्यालाही दिसत होता, तो अभ्यासकाने नाकारण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण कर्त्याची. महदी सैन्याने ऑगस्ट २००४मध्ये नजफ येथे अमेरिकनांशी लढाई केली; त्याच नावाखाली वावरणाऱ्या टोळ्यांनी २००६मध्ये बगदादच्या सुन्नींना वेचून मारले. मग हे सैन्य बंडखोर की पंथांध? प्रश्नच चुकीचा आहे. नाव संघटनेला नव्हे, कृतीला द्यावे. आणि काही कृतींसाठी हे दोन्ही शब्द अपुरे पडतात. नोव्हेंबर २००५मध्ये बगदादच्या जादिरिया भागात गृहमंत्रालयाच्या ताब्यातील एका तळघरात दीडशेहून अधिक कैदी सापडले. बहुतेक सुन्नी, कित्येकांच्या अंगावर छळाच्या खुणा. पोलिसी गणवेशातले मारेकरी ना बंडखोर असतात, ना दंगलखोर. ती राज्यसंस्थेने पंथाच्या बाजूने केलेली हिंसा होती.

२२ फेब्रुवारी २००६ रोजी सामर्रा येथील अल्-अस्करी दर्ग्याचा सोनेरी घुमट उडवण्यात आला आणि त्यानंतर नाव हीच मृत्यूची खूण बनली. उमर नावाचा तरुण एका नाक्यावर मरे, अली नावाचा दुसऱ्या नाक्यावर. लोक दोन दोन ओळखपत्रे बाळगू लागले. संयुक्त राष्ट्रांच्या इराकमधील कार्यालयाने २००६ या एका वर्षात मारल्या गेलेल्या नागरिकांचा आकडा ३४,४५२ दिला.

आणि तरीही त्या वर्षीचे अमेरिकन संरक्षण खात्याचे अहवाल वाचले तर वेगळेच चित्र दिसते. हल्ल्यांची संख्या मोजली, तर बहुसंख्य हल्ले परकीय फौजांवर. मृत-जखमींची संख्या मोजली, तर बहुसंख्य इराकी. म्हणजे घटना मोजणाऱ्याला बंड दिसते, प्रेते मोजणाऱ्याला कत्तल. डिसेंबर २००६मध्ये बेकर आणि हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने तर मोजणीच्या पद्धतीवरच बोट ठेवले. एखाद्या इराकीचा खून ‘हल्ला’ म्हणून नोंदला जाईलच असे नव्हते. पंथीय हल्ल्याचा कर्ता कोण हे ठरले नाही, तर तो नोंदीत येतच नसे. जुलै २००६मधील एका दिवशी ९३ हल्ले नोंदले गेले होते; बारकाईने पाहता हिंसेच्या ११०० घटना निघाल्या. भेद करण्याचा आग्रह धरणाऱ्या आपल्यासारख्यांना येथे इशारा आहे. वर्गीकरण आधी आणि मोजणी मागाहून, असा क्रम लावला की ज्याला रकाना नाही त्याला मरणही नाही. पुराव्यात मारेकऱ्याचा हेतू सापडला नाही, तरी मृतदेह सापडलेला असतो. त्याची नोंद आधी व्हायला हवी.

इराकी साहित्याने हा पेच इतिहासकारांइतक्याच गांभीर्याने हाताळला आहे. अहमद सादावी यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन इन बगदाद’ या कादंबरीत (मूळ अरबी २०१३, २०१४चा अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार) हादी नावाचा भंगारवाला स्फोटांत विखुरलेले अवयव शिवून एक देह तयार करतो, जेणेकरून त्याचे रीतसर दफन व्हावे. तो देह उठतो आणि प्रत्येक अवयवाच्या धन्याचा सूड घेऊ लागतो. सूड पुरा झाला की तो अवयव गळून पडतो, नवे अवयव लागतात, आणि त्यांत निरपराधांसोबत गुन्हेगारांचेही येऊ लागतात. न्यायासाठी निघालेली हिंसा कोणत्या टप्प्यावर स्वतःच्या पोटापाण्यासाठी मारू लागते, हे या कथेइतके नेमके क्वचितच कोणी मांडले असेल. भेद असतो, पण तो कायमचा दिलेला नसतो, वाटेत हरवतो.

तो परतही मिळू शकतो. ऑक्टोबर २०१९मध्ये बगदाद आणि दक्षिणेतील शियाबहुल शहरांतले तरुण रस्त्यावर आले ते मुख्यतः शिया पक्षांच्याच सत्तेविरुद्ध, मुहासासाविरुद्ध. त्यांची मागणी होती ‘आम्हाला वतन हवे’. कित्येक शे तरुण त्यात मारले गेले. पंथ हीच इराकी माणसाची आदिम आणि अंतिम ओळख असती, तर ही घोषणा त्यांच्या तोंडी आलीच नसती.

३१ ऑगस्ट २००५ रोजी बगदादच्या अल्-अइम्मा पुलावर अफवेने चेंगराचेंगरी झाली आणि नऊशेहून अधिक शिया यात्रेकरू मेले. पलीकडच्या सुन्नी आझमियातला उस्मान नावाचा तरुण तैग्रिस नदीत उतरला, बुडणाऱ्यांना बाहेर काढत राहिला आणि अखेर स्वतः बुडाला. त्याचा मृत्यू बंडाच्या रकान्यात बसत नाही आणि पंथीय हिंसेच्याही नाही. इतिहास शिकवताना आपण त्याला कोठे नोंदवणार?