शिकारी बंदुकीचे टेकू

शिकारीत नेम धरताना बंदूक स्थिर राहावी म्हणून वापरण्यात येणारे आधार. दुबेळक्याची काठी, दुपायी टेकू, तिकाटणे व वाळूची पिशवी ही त्यांची सहज नेता येण्याजोगी रूपे होत. मचाण व हत्तीवरील हौदा हेही व्यापक अर्थाने आधारच होत. टेकूची निवड भूप्रदेश, गवताची वा पिकाची उंची आणि नेम धरण्यास मिळणारा अवधी यांवर अवलंबून असे.

तोड्याची बंदूक लांब नळीची व जड असे. चाप ओढल्यावर जळता तोडा रंजकीवर टेकून बार उडेपर्यंत काही क्षण जात. तेवढा वेळ नळी हलून चालत नसे. म्हणून सोळाव्या शतकातील यूरोपीय बंदूकधारी दुबेळक्याची काठी बरोबर बाळगीत. सतराव्या शतकात बंदुका हलक्या झाल्यावर ती मागे पडली. तिबेटमध्ये मात्र बंदुकीलाच बिजागरीने जोडलेला दोन पायांचा टेकू विसाव्या शतकापर्यंत प्रचारात होता. त्याच्या टोकांना कित्येकदा हरणाची शिंगे बसवीत.

मोगल दरबारात बंदुकीच्या शिकारीला मोठी प्रतिष्ठा होती. अकबराच्या ‘संग्राम’ या बंदुकीने १,०१९ प्राणी मारल्याची नोंद आईन-इ-अकबरीत आहे. सेवकाच्या खांद्यावर नळी टेकवून नेम धरणारा बादशाह मोगल चित्रांत दिसतो. हौदा हा मात्र अस्थिर आधार होय. १६१७ मध्ये नूरजहानने हत्तीवरून सहा गोळ्यांत चार वाघ मारले, ते जहांगीरला विशेष वाटले. कारण वाघाचा वास आलेला हत्ती स्वस्थ उभा राहत नाही, असे त्यानेच नमूद केले आहे.

दख्खनच्या सपाट प्रदेशात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उद्भवे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरीचा परिसर याचे उदाहरण म्हणून घेता येईल. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. उत्तरेस जिंतूरचे डोंगर व दक्षिणेकडे काळ्या जमिनीची उघडी शेते, अशी येथील भूरचना आहे. डोंगराळ झाडीत खोडाचा वा मचाणाचा आधार मिळतो. उघड्या रानात झाड विरळ आणि काळवीट दुरूनच माणसाला हेरणारे. दख्खनमधील शिकारी त्यामुळे बैलगाडीच्या आडोशाने जवळ जात, कारण नित्याच्या गाडीला काळवीट फारसे बुजत नसे. थांबलेल्या गाडीचे चाक हा आयता टेका होई. फासेपारधी शिकविलेल्या जनावराआड दबत जाऊन फास मांडीत. त्यांना बंदुकीची व टेकूची गरजच नसे. उभ्या ज्वारीत बुटका दुपायी टेकू निरुपयोगी ठरतो. तेथे उंच तिकाटणे हवे. शेतकऱ्याचा राखणीचा माळा हे तर मचाणाचेच भावंड होय. त्यावरून गोफणीने पाखरे हाकीत.

एका काठीने बंदुकीचा भार पेलला जातो, परंतु ती बाजूंना डोलते. दोन काठ्यांनी हे डोलणे बरेच कमी होते. तीन पायांचे तिकाटणे सर्वांत स्थिर, मात्र ते मांडण्यास वेळ लागतो. नळी दगडासारख्या कठीण वस्तूवर टेकल्यास बार होताच ती उसळते व गोळी वर जाते. म्हणून लाकडी भाग टेकवून खाली कापड वा पिशवी ठेवणे इष्ट असते.

टेकूचे नैतिक समर्थन असे की, नेम अचूक झाल्यास जनावर जखमी होऊन तडफडत नाही. याची दुसरी बाजूही आहे. आधार जितका निर्वेध, तितकी जनावराला सुटण्याची संधी कमी. मचाणासमोर हाका घालून जनावरे आणणे आणि पुढे रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात त्यांना टिपणे, हे याचे टोक होय. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात रात्री मोटारीतून तीन चित्ते मारले गेले. भारतातील मूळच्या चित्त्यांची ही अखेरची विश्वसनीय नोंद मानतात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे घोषित झाले.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीवर कठोर निर्बंध आले व काळविटाला सर्वोच्च संरक्षण मिळाले. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले. अपवाद राहिले ते माणसाच्या जीविताला धोका यांसारख्या प्रसंगांचे. तिकाटणे व वाळूची पिशवी आज वन्यजीव-छायाचित्रकार वापरतात. आधाराचे तत्त्व तेच राहिले. त्यावर ठेवावयाची वस्तू तेवढी बदलली.