जाराची जन्मकथा

इंग्रजीतली काही विशेषणे मराठी मध्यमवर्गाने अशी काही उचलली आहेत की ती परत करायचे नाव नाही. 'जारिंग' हे त्यांतलेच एक. नव्या भिंतीपुढे जुने पडदे जारिंग वाटतात. गंभीर भाषणाच्या मध्येच कुणाचा तरी फोन लावणीच्या चालीवर वाजला की ते जारिंग. पंगतीत उकडीच्या मोदकाला खेटून मांचुरियन वाढले की तेही जारिंग. शेजारणीच्या साडीला 'भडक' म्हणावे तर वर्षभराचे भांडण ओढवते. 'जरा जारिंग नाही वाटत?' असे विचारले तर आपली अभिरुची सिद्ध होते आणि साडीचे काय व्हायचे ते होतेच.

आता या शब्दाला मराठीत काय म्हणावे? 'भडक' चालत नाही, कारण भडक वस्तू एकटीही भडक असू शकते. जारिंग व्हायला दोघे लागतात. ओसाड माळावर एकटा उभा असलेला माणूस, मग त्याने अंगात काहीही घातलेले असो, जारिंग होऊ शकत नाही. त्याला शेजारी हवा. 'विसंगत' हा शब्द बरोबर आहे, पण तो वकिली आहे. साक्षीदाराची जबानी विसंगत असते, सोफा नसतो. 'विजोड' जवळ येतो, पण तो आपण जोडप्यांसाठी राखून ठेवलेला. शिवाय या सगळ्या शब्दांत अंगावर येणारा तो बारीकसा काटा नाही. जारिंगमध्ये तो आहे.

आमचे एक काका संस्कृतचे जाणकार होते. त्यांच्यासमोर हा शब्द उच्चारण्याची सोय नव्हती. संस्कृतात जार म्हणजे परस्त्रीशी संधान बांधणारा पुरुष. त्यामुळे "दिवाणखान्यात ते कपाट फार जारिंग वाटतं" हे वाक्य ऐकून त्यांनी कपाटाकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरलो नाही. काकूंना जारण-मारण आठवले. आणि घरातल्या धाकट्या मंडळींची ठाम समजूत अशी की, याचा संबंध लोणच्याच्या काचेच्या जारशी असणार.

तो नाही. बरणीवाला जार मुळात अरबी. अरबीत 'जर्रा' म्हणजे मातीचे भांडे. तिथून फ्रेंचांकडे आणि फ्रेंचांकडून इंग्रजांच्या फडताळात. कर्कश वाजणारा जार हा निराळा गृहस्थ. सोळाव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजी लिखाणात दिसू लागतो, आणि त्याचे कूळ शोधायला गेले तर बहुधा कूळच नाही: खरखर, करकर यांच्यासारखा नुसता आवाजावरून बनलेला. दार 'अजार' आहे म्हणतात तो तर तिसराच. त्याचा उगम 'वळणे' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दात आहे. म्हणजे अर्धवट वळलेले दार. (आपल्याकडे त्या दाराला आजार झाला आहे असे वाटते, आणि पावसाळ्यात फुगलेली दारे पाहिली तर ते खोटेही नाही.)

शेक्सपिअरच्या काळी तर घड्याळही 'जार' होत असे. त्याच्या 'रिचर्ड दुसरा' नाटकात घड्याळाच्या टिकटिकीसाठी हाच शब्द आला आहे. रातवा नावाचा पक्षी आपल्याकडे रात्री रस्त्यात बसलेला दिसतो, त्याच्या जातभाईंना इंग्रजीत 'नाइटजार' म्हणतात. विलायती रातवा रात्रभर चरखा फिरवल्यासारखा घर्र आवाज काढतो म्हणून. या गरीब पक्ष्याची बदनामी आणखी जुनी आहे. तो रात्री शेळ्यांचे दूध पितो अशी ग्रीक-रोमनांची समजूत होती, आणि त्याचे शास्त्रीय नाव 'कॅप्रिमल्गस' म्हणजे सरळसरळ 'शेळी दोहणारा'. वास्तविक तो खातो किडे. पण आवाज बेसूर असला की माणूस चारित्र्यावरही संशय घेतो.

अशी घर्रघर्र करता करता शब्द कानातून मनात गेला. आधी आवाज जार होत, मग माणसे एकमेकांशी जार होऊ लागली, म्हणजे भांडू लागली, आणि शेवटी रंग, कपडे, प्रसंग. इथे मला आपल्या 'खटकणे'ची आठवण होते. तोही असाच. मुळात 'खट्' हा आवाज. आज दाराची कडी खटकते तितक्याच सहजपणे जावयाचे वागणे खटकते, आणि त्यात काही भाषांतर झाले आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. तेव्हा जारिंगला मराठी प्रतिशब्द 'खटकणारा' हाच, आणि तो घरातच होता. फक्त त्याने अभिरुची सिद्ध होत नाही.

साहित्यातला सर्वांत गाजलेला खटका अक्षरशः 'खट्खट्'च आहे. मॅक्बेथने राजा डंकनचा खून केला आहे, हात रक्ताने माखलेले आहेत, आणि कुणीतरी वाड्याचे दार ठोठावू लागते. ते उघडायला जो द्वारपाल येतो तो झिंगलेला. आपण नरकाच्या दारावरचे शिपाई आहोत अशी कल्पना करून तो विनोद करत सुटतो. खुनानंतर लगेच फार्स! पुढच्या काळातल्या सभ्य लोकांना हे फारच जारिंग वाटले. कोलरिजने तर हा भाग शेक्सपिअरचा नाहीच, पिटातल्या प्रेक्षकांसाठी दुसऱ्या कुणीतरी घुसडला असावा, असा निकाल दिला. जर्मन कवी शिलरने १८०० साली वायमारच्या रंगभूमीसाठी 'मॅक्बेथ' जर्मनमध्ये आणले तेव्हा त्याने या दारुड्याला शुद्धीवर आणून त्याच्याकडून चक्क देवाची भूपाळी म्हणवून घेतली. म्हणजे वर गादीवर राजाचे प्रेत आणि खाली प्रभातसमयाचे मंगल गान. यातले अधिक खटकणारे कोणते, हे ज्याने त्याने ठरवावे.

डी क्विन्सीने मात्र १८२३ साली एक निबंध या ठोठावण्यावरच लिहिला. लहानपणापासून ती खट्खट् ऐकून त्याच्या मनावर विलक्षण परिणाम होई आणि कारण कळत नसे. त्याने शोधून काढलेले कारण असे: खुनाच्या वेळी माणसांचे नेहमीचे जग थांबलेले असते, दारावर थाप पडते तेव्हा ते पुन्हा चालू होते, आणि ते थांबले होते हे आपल्याला तेव्हाच कळते. मला हे पटते. घरात कुणी गेलेले असावे आणि नेमका तेव्हा दूधवाला बेल वाजवून "आज किती?" असे विचारावा, त्या क्षणी जे होते ते हेच.

रंगांच्या बाबतीत हा उलगडा एका रसायनशास्त्रज्ञाने केला. पॅरिसच्या गोबलाँ या सरकारी गालिचे-कारखान्यात शेवरल हे रंगाईखात्याचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो, अशी विणकरांची तक्रार. यांनी रंग तपासला, रंग निर्दोष! दोष शेजारच्या धाग्याचा निघाला. काळ्याशेजारी कोणता रंग आहे यावर काळा किती काळा दिसतो ते ठरत होते. यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि स्वतः १०२ वर्षे जगले. हिरव्या पैठणीला लाल काठ लावणाऱ्या येवल्या-पैठणच्या विणकरांना हे कुणी सांगायला गेले नव्हते, तो भाग वेगळा.

परंतु 'खटकते' या एका शब्दाने माणसांचे पोटही खटकवता येते. पॅरिसमध्ये १८४०च्या सुमारास जन्मलेली हार्मोनियम कलकत्त्याला द्वारकानाथ घोषांच्या कारखान्यात मांडी घालून बसायला शिकली आणि महाराष्ट्रात येऊन तिची पेटी झाली. कीर्तन, भजन, नाटक, बैठक, सगळीकडे तिचा वावर. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला बोलती केली. पण तिचे बारा स्वर ठोकून बसवलेले. दरबारीचा आंदोलित गंधार तिला झुलवता येत नाही, मींड काढता येत नाही. जाणकारांना हे जारिंग वाटे, आणि उगाच नव्हे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आय.सी.एस. अधिकारी क्लेमंट्स या जोडीने तर बावीस श्रुतींची पेटी घडवून पाहिली. निवृत्त माणसाने असे काहीतरी करावे, याला माझी हरकत नाही.

रेडिओने मात्र घडवणे-बिडवणे केले नाही. दिल्ली केंद्रावरचे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली पेटीवर लेखणी चालवली आणि १९४० साली, लायनेल फील्डन रेडिओचे प्रमुख असताना, पेटीला ऑल इंडिया रेडिओवर बंदी झाली. गोऱ्या साहेबाला आपल्या श्रुतींची एवढी काळजी! गंमत म्हणजे साहेब गेला आणि बंदी राहिली. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ; त्यांच्या कारकिर्दीत तर सिनेमाची गाणीही रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते मुकाट्याने रेडिओ सिलोन लावू लागले. पु. ल. देशपांडे उत्तम पेटी वाजवत आणि याच काळात आकाशवाणीत नोकरीला होते. सरकारने बोटे नेमली आणि पेटी बाहेर ठेवली. तीस-एकतीस वर्षांनी, १९७१ साली, बंदी सैल झाली. तोवर साथीच्या पेटीवाल्यांची एक पिढी गवयाला स्टुडिओच्या दारापर्यंत सोडून परत फिरत होती. त्यांना काय खटकले, हे कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

आमच्या घरीही वडिलांची एक पेटी आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाणखाना नवा केला तेव्हा सजावटकार तरुणाने तिच्याकडे बोट दाखवून तो शब्द उच्चारला. मी विचारले, "दिसायला की ऐकायला?" त्याने ती ऐकलीच नव्हती. मग दुरुस्तीवाल्या बुवांना बोलावले. पेटीत एका सुराला बहुधा दोन पात्या असतात. त्यांची कंपने किंचित मागेपुढे झाली की सूर थरथरतो. या थरथरण्यावरच हेल्महोल्ट्झने १८६३ साली बेसुरेपणाची सगळी उपपत्ती उभारली. बुवांनी हेल्महोल्ट्झचे नाव ऐकलेले नव्हते. त्यांनी एक सूर दाबून धरला, मान तिरकी केली आणि तो थरथराट मोजत राहिले. मग पाती काढून टोकाशी कानशीने एकदा हलकेच घासली, पुन्हा बसवली, पुन्हा ऐकले. थरथर मंदावली. आणखी एकदा घासली. सजावटकार तरुण पडद्याचे माप घ्यायचे सोडून जवळ येऊन उभा राहिला.

"अजून आहे," बुवा म्हणाले, आणि त्यांनी पाती पुन्हा बाहेर काढली.