वऱ्हाडचा कापूस आणि हमालाचा खांदा

अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने १८४२ साली एक लाख बैलभार कापूस रस्त्याने कलकत्त्यास धाडला, अशी गॅझेटियरची नोंद आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. योगायोग असा, की त्याच वर्षी लंडनमध्ये होम्स कूट या शल्यविशारदाने एका रुग्णाच्या मानेतील जादा बरगडी कापून काढली. तिच्यामुळे हाताच्या नसा व रक्तवाहिनी दबत होती. गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांमधली ही वाट मुळातच अरुंद; खांद्यावर ओझे आले की आणखी आवळते, हातास मुंग्या येतात. या विकाराला ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ हे नाव मिळाले ते थेट १९५६ मध्ये.

१८६७ साली रेल्वे नागपुरास पोहोचली. लांब पल्ल्याचा भार बैलाच्या पाठीवरून उतरला. बाजार ते वाघीण हे अंतर मात्र हमालाच्याच वाट्याला राहिले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतात. हमालासाठी १९६९ साली कायदा झाला, तोही ‘माथाडी’ या नावाने. त्यात मजुरी आली, भविष्यनिर्वाह निधी आला. खांदा मात्र अजून ‘भरून येतो’ एवढ्यावरच भागते.