दप्तराची भिंत : संगणकातील स्मृतिसंरक्षण व आभासी यंत्र यांचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा. शेतजमिनीचा हक्क व पीक यांची नोंद, म्हणजे गाव नमुना सात व बारा, पूर्वी गावागणिक निराळ्या वहीत होई आणि ती वही तलाठ्याच्या दप्तरात राही. लोणारकडील एखाद्या दप्तराला आग लागली तरी मलकापूरकडील दप्तराला तिची झळ पोहोचत नसे. दोहोंमधील अंतर हेच त्यांचे संरक्षण होते. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याआधी २०१४ साली केंद्र शासनाने ‘मेघराज’ या नावाने शासकीय कार्यालयांसाठी सामायिक संगणकव्यवस्था सुरू केली होती. अशा व्यवस्थेत अनेक कार्यालयांची दप्तरे एकाच यंत्रात शेजारी शेजारी नांदतात. त्यांच्यामधील भिंत कोठे असते आणि ती कोणाच्या भरवशावर उभी असते, या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्यात एका वेळी एकच आज्ञावली चाले व सर्व स्मृती तिचीच असे. शेजारी नव्हता, म्हणून भिंतीचीही गरज नव्हती. १९६२ साली मँचेस्टर येथील ‘अ‍ॅटलास’ यंत्राने स्मृतीची पृष्ठे पाडली आणि आज्ञावलीने उच्चारलेला पत्ता व स्मृतीतील प्रत्यक्ष स्थान यांची फारकत केली. नाव व पदार्थ यांचा संबंध नैसर्गिक नसून संकेताने ठरतो, या भाषाविचारातील सिद्धान्ताशी ही योजना जुळती आहे. दोन आज्ञावलींनी एकच पत्ता उच्चारला तरी त्यांना निरनिराळी स्थाने मिळू शकतात. कारण संकेताचे कोष्टक प्रत्येकीचे वेगळे असते. स्मृतिसंरक्षणाचे मूळ येथे आहे.

हेच तत्त्व आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्राने पुढे नेले. १९६७ साली तेथे चालू झालेल्या ‘सीपी-४०’ व्यवस्थेत प्रत्येक वापरकर्त्यास संपूर्ण यंत्रच स्वतंत्रपणे मिळाल्याचा अनुभव येई. १९७२ साली याच परंपरेतील ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर झाली. अशा यंत्रास मराठीत ‘आभासी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तथापि मूळ लॅटिन शब्दाचा रोख सामर्थ्याकडे आहे, भ्रमाकडे नाही. जे रूपाने नसले तरी परिणामाने आहे, ते यंत्र येथे अभिप्रेत आहे.

१९७४ साली पोपेक व गोल्डबर्ग यांनी या यंत्राची कसोटी सांगितली. यंत्राची स्थिती बदलणारी किंवा त्या स्थितीवर अवलंबून असणारी प्रत्येक आज्ञा सामान्य आज्ञावलीने उच्चारताच प्रोसेसरने ती अडवून देखरेखीच्या आज्ञावलीकडे सोपविली पाहिजे. ही अट पुरी होत असेल, तर आभासी यंत्र निर्वेध उभारता येते.

या मुख्य प्रवाहाहून वेगळा मार्ग महाराष्ट्रात अनुसरला गेला. बुलढाण्यालगतच्या अकोला जिल्ह्यात जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. तो इन्मॉस कंपनीच्या ‘ट्रान्सप्युटर’ प्रोसेसरांचा होता व त्या प्रोसेसरांत स्मृतिसंरक्षणाची सोय नव्हती. प्रत्येक प्रोसेसराची स्मृती निराळी असून त्यांचा परस्परसंवाद केवळ तारांच्या दुव्यांतून होई. भिंत होती ती तारेची, म्हणजे जुन्या दप्तरांसारखी अंतराची. ट्रान्सप्युटरसाठी रचलेल्या ‘ऑकम’ भाषेत आणखी एक भिंत होती : एकाच वेळी चालणाऱ्या दोन प्रक्रियांनी एकच चल बदलू पाहिल्यास भाषांतरक ती आज्ञावली स्वीकारीत नसे. येथे संरक्षणाचे काम व्याकरणाने केले. परंतु फोर्ट्रान वा सी भाषेत लिहिणाऱ्यास हे व्याकरण लागू नव्हते. तारेची भिंत एका प्रोसेसराच्या आतील शेजाऱ्यांस वेगळे करू शकत नाही, आणि व्याकरणाची भिंत ते व्याकरण न मानणाऱ्यास अडवू शकत नाही. पुढील ‘परम १००००’ (१९९८) मध्ये स्मृतिसंरक्षण असलेले अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आले.

सर्वत्र रूढ झालेल्या इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांत १९८२ पासून स्मृतिसंरक्षण व १९८५ पासून पृष्ठयोजना होती. तरीही पोपेक-गोल्डबर्ग यांच्या कसोटीस ते उतरत नव्हते. २००० साली रॉबिन व अर्व्हाइन यांनी पेंटियममधील अशा सतरा आज्ञा दाखवून दिल्या. त्यांपैकी काही आज्ञा अडविल्या न जाता मुकाट्याने निष्फळ होत, त्यामुळे देखरेख करणाऱ्यास वार्ताच लागत नसे. १९९९ साली व्हीएमवेअरने अशा आज्ञा चालत्या आज्ञावलीतच भाषांतरित केल्या. २००३ साली ‘झेन’ने अतिथी प्रणालीच बदलून घेतली. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी ही जबाबदारी प्रोसेसरात आणली. २००७-०८ मध्ये पत्त्यांचे दुहेरी कोष्टकही प्रोसेसरच सांभाळू लागला.

भिंत पक्की झाली असे वाटत असतानाच २०१८ साली ‘मेल्टडाउन’, ‘स्पेक्टर’ व ‘फोरशॅडो’ हे दोष उघड झाले. प्रोसेसर आज्ञा आगाऊ चालवून पाहतो; त्या अंदाजाच्या खुणा मागे राहतात व त्यांवरून शेजाऱ्याची गुपिते वाचता येतात. भिंत बांधणाराच तिला भोके ठेवीत होता, असा याचा अर्थ.

दुसरा प्रश्न याहून जुना : रखवालदारावर रखवाली कोणाची? २०१७ साली एएमडीने प्रत्येक आभासी यंत्राची स्मृती स्वतंत्र किल्लीने कूटबद्ध करण्याची सोय दिली. परंतु यजमान आज्ञावलीस पृष्ठांची अदलाबदल करता येत असल्याने ती अपुरी ठरली. २०२१ साली त्यात अखंडतेची हमी जोडली गेली व २०२३ साली इंटेलनेही आपली तत्सम योजना आणली. आता यंत्रचालकावर विश्वास ठेवण्याची गरज कमी झाली; ती प्रोसेसर घडविणाऱ्याकडे गेली. आयआयटी मुंबईने २०१९ साली पुढे आणलेल्या ‘अजित’ या प्रोसेसराचे महत्त्व या संदर्भात पाहावे लागते. १८० नॅनोमीटर तंत्राने मोहाली येथे घडविलेला हा प्रोसेसर डेटा सेंटरातील यंत्रांची बरोबरी करीत नाही; तथापि त्याची स्मृतिव्यवस्था येथील अभ्यासकांनी स्वतः रचलेली असल्याने ती मुळापासून तपासता येते.

सारांश, भिंत अंतरातून व्याकरणात, तेथून आज्ञावलीत व शेवटी प्रोसेसरात गेली. पण विश्वासाची आवश्यकता कोठेही संपली नाही. सिंदखेडराजाच्या शेतकऱ्यास आपला तलाठी ठाऊक होता व त्याच्याविरुद्ध तहसीलदाराकडे दाद मागता येई. ज्या भिंतीवर त्याची नोंद आज विसंबते, तिचा कारागीर त्याला ठाऊक नाही. ती भिंत तपासू शकणारे अभ्यासक येथे तयार होणे, हे म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचे काम मानता येणार नाही.